शरद ऋतूतील पुरुषांचा वेष : शास्त्र आणि व्यवहार

शरदाला वैद्यांची माता म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ही उक्ती विनोदाने उच्चारली जात असली तरी तिच्यामागील अनुभव खोटा नाही. भाद्रपद सरून आश्विन लागला की अम्लपित्त, शीतपित्त, नेत्राभिष्यंद, ज्वर आणि नानाविध त्वग्विकार यांचे रुग्ण चिकित्सालयात दाटी करू लागतात. या ऋतूतील चर्येविषयी वैद्यमंडळींनी विपुल लिहिले आहे. विरेचन, रक्तमोक्षण, तिक्तघृत, हंसोदक या विषयांना त्यात योग्य ते स्थान मिळालेले आहे. वस्त्राचा विषय मात्र बहुधा स्वच्छ व हलकी वस्त्रे वापरावीत एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या एका वाक्याचाच विचार करणार आहोत, आणि तोही पुरुषांच्या वेषापुरता. स्त्रियांचा वेष हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुरुषांचा वेष निवडण्यास कारण असे की, आमच्या भागात गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुरुषाचा पोशाख जितका आमूलाग्र पालटला तितका स्त्रीचा पालटलेला नाही, आणि त्या पालटाचे परिणाम अंगावर घेऊन फिरणारा पुरुष लाजेपोटी वैद्याकडे सर्वांत उशिरा येतो.

शास्त्रकारांची दृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात शरदासाठी जी चर्या सांगितली, तिच्यात निर्मळ वस्त्रे, त्या ऋतूतील फुलांच्या माळा आणि प्रदोषकाळचे चांदणे ही तिन्ही एकत्र येतात. त्याच ठिकाणी वर्ज्य म्हणून ऊन, दव आणि पूर्वेकडील वारा यांचाही निर्देश आहे. वरवर पाहता यात विसंगती वाटते. चांदणे हवे आणि दव नको, ही दोन्ही विधाने एकाच रात्रीला कशी लागू करावीत? ऊन टाळावे हे खरे, परंतु ज्याचे सोयाबीन शेतात काढणीला आले आहे त्याने ते कसे टाळावे? आमच्या मते या प्रश्नांचे उत्तर त्याच वचनातील वस्त्राच्या उल्लेखात दडलेले आहे. घरदार, पीक, प्रवास यांवर माणसाची सत्ता नसते. अंगावर काय घालावे, केव्हा काढावे व केव्हा पांघरावे, एवढे मात्र बहुतांशी त्याच्या हाती असते.

वाग्भटाचार्यांनी शरदातील पित्तप्रकोपाची जी कारणमीमांसा केली आहे, तिच्यातील ‘सहसा’ हा शब्द आम्हांला कळीचा वाटतो. वर्षाऋतूच्या गारव्याला सरावलेली शरीरे एकाएकी सूर्यकिरणांनी तापतात आणि साठलेले पित्त कुपित होते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे दोष केवळ उन्हाचा नाही. वैशाखात ऊन याहून प्रखर असते, पण शरीर तोपर्यंत हळूहळू तयार झालेले असते. शरदात ही तयारी झालेली नसते, आणि त्याहून वाईट म्हणजे हा ‘सहसा’ प्रकार प्रतिदिनी घडतो. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना अतिव्यायाम, अतिसंताप, क्रोध, शोक, भय यांच्या जोडीला शीत आणि उष्ण यांचे क्रम सोडून केलेले सेवन गणलेले आहे. घामाने निथळत असताना अंगातले काढून वाऱ्यावर उभे राहणे, अथवा पहाटेच्या दवात उघड्या छातीने दुचाकी हाकून दुपारी घट्ट कपड्यांत उन्हात राबणे, ही त्या कारणाची आजची उदाहरणे होत. लक्षणेही तेथेच दिलेली आहेत : घाम न येणे किंवा अती येणे, त्वचेचा खरखरीतपणा किंवा अतिश्लक्ष्णता, सर्वांगाचा दाह, रोमहर्ष. ही लक्षणे वाचताना ऑक्टोबरमधल्या एखाद्या दुपारी बाकावर बसलेले रुग्ण डोळ्यांसमोर उभे राहतात.

वेषाविषयीचा एक सामान्य नियमही वाग्भटांनी दिनचर्येत दिला आहे. पुरुषाने केस, नखे, दाढी वाढू देऊ नये, स्नानशील व सुगंधी असावे, आणि त्याचा वेष चांगला, भडक नसलेला व उजळ असावा, असा त्याचा भाव आहे. ‘अनुल्बण’ आणि ‘उज्ज्वल’ ही दोन विशेषणे एकत्र वापरून आचार्यांनी पुरुषाच्या नीटनेटकेपणाची जी कल्पना मांडली, तिच्यात आजच्या फॅशनशास्त्राला फारशी भर घालता येईल असे आम्हांस वाटत नाही. लगेच पुढे छत्री व पादत्राण घालून फिरावे, आणि रात्री निकडीच्या कामासाठी जावे लागलेच तर हाती काठी, डोक्यास वस्त्र व सोबतीस माणूस असावा, असे सांगितले आहे. रात्रीची वीज आली म्हणून पिकाला पाणी देण्यास निघालेला आमच्या गावचा शेतकरी डोक्याला मफलर गुंडाळून, काठी घेऊन आणि शेजाऱ्याला हाक मारून निघतो. त्याने अष्टांगहृदय वाचलेले नसते, तरी आचरण तेच असते.

भावप्रकाशात ऋतुपरत्वे वस्त्रांचा अधिक तपशील आहे. शीतकाळी रेशमी, लोकरीची व लाल वस्त्रे वातकफनाशक म्हणून, उष्णकाळी काषाय वस्त्र शीत, लघु व पित्तघ्न म्हणून, आणि वर्षाकाळी शुभ्र वस्त्र फार उष्ण नाही व फार शीतही नाही म्हणून सांगितले आहे. येथे शरदाचा स्वतंत्र उल्लेख नाही. अभ्यासकांनी यावरून तर्क करावयास हरकत नाही. दिवसा पित्त कुपित होते म्हणून काषाय किंवा शुभ्र सुती वस्त्र, आणि पहाटे शीतकाळाची चाहूल असते म्हणून वरून लोकरीचे अथवा जाड सुती पांघरूण, अशी विभागणी आम्ही आमच्यापुरती केली आहे. काषाय रंग देणारा गैरिक स्वतः पित्तघ्न द्रव्यांत मोडतो, ही गोष्टही येथे आठवते. मळके वस्त्र कंडू व कृमी उत्पन्न करते, ग्लानी आणते, असेही भावमिश्रांनी बजावलेले आहे.

बालाघाटावरील शरद

लिंबागणेश हे बीड तालुक्यातील, बालाघाटाच्या डोंगररांगेतील गाव. येथील भालचंद्र गणपतीचे स्थान सर्वश्रुत आहे. चंद्राने येथे गणेशाची आराधना केली अशी त्या स्थानाची कथा असल्याने शारदीय चांदण्याचे अप्रूप येथे इतर गावांहून थोडे अधिक असावे, असे आम्ही मानतो. पाऊस बेताचा. जिल्ह्याची वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आत आहे. ऑक्टोबरात मोसमी वारे परतले की आकाश निरभ्र होते, जमिनीतील ओल वर येऊ लागते आणि वृत्तपत्रे जिला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात ती सुरू होते. दुपारी पारा बत्तीस-तेहतीस अंशांवर, तर पहाटे वीस अंशांच्या आसपास असतो, आणि पठारावर मोकळ्या रानात त्याहूनही खाली उतरतो. एका दिवसात दोन ऋतू भोगावे लागतात. त्यातच कामाची घाई असते. सोयाबीन काढायचे, कापूस वेचायचा, ज्वारी पेरायची, सीताफळे बाजारात न्यायची, आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे.

या दिनक्रमाला जुना पुरुषवेष कसा जुळत होता ते पाहण्यासारखे आहे. धोतर, कोपरी किंवा पैरण, डोक्याला पटका वा रुमाल, खांद्यावर उपरणे आणि पहाटेसाठी घोंगडी. यातील प्रत्येक वस्तू काढता, घालता, सैल करता, गुंडाळता येणारी आहे. पहाटे जे उपरणे कानांवरून घेतले तेच दुपारी घाम टिपते, आणि कामावर बसताना खाली अंथरता येते. पटक्याविषयी सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात उष्णीष हे वारा, ऊन व धूळ यांचे निवारण करणारे असल्याचे म्हटले आहे. अनेक घड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णतेला अटकाव करते, हे त्याचे भौतिक कारण.

तथापि जुन्या वेषाचे आंधळे गुणगान करणेही उचित नव्हे. घामाने भिजलेला घट्ट लंगोट दिवसभर कसलेला ठेवणे जांघेच्या त्वचेला बाधकच असते, आणि काष्ट्याच्या घर्षणाने होणारे ओरखडे आम्ही वृद्ध रुग्णांत अजूनही पाहतो. एका धोतरावर आठवडा काढणारी माणसेही त्या काळी होतीच. जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र खरोखर मोलाची होती, ती म्हणजे परिटाची भट्टी. सुती कपडा सोड्याच्या पाण्यात उकळला जाई आणि उन्हात वाळे. साठ अंश सेल्सियस व त्याहून अधिक तपमानाच्या धुलाईत त्वचेवरील बुरशीचे जंतू नष्ट होतात, थंड पाण्याच्या धुलाईत ते टिकून राहू शकतात, हे आता ज्ञात आहे. भट्टी बंद पडली त्याला बलुतेदारी मोडणे हे एक कारण, आणि टेरिकॉट हे दुसरे. कृत्रिम धाग्याचा कपडा उकळावा लागत नाही, उकळला तर सुरकुततो. तो गार पाण्यात साबणाच्या पावडरीत घुसळला की दिसायला स्वच्छ होतो. दिसायला, हे महत्त्वाचे.

धाग्याचा गुणधर्म

१९६० नंतर टेरिलीन आणि त्यामागून टेरिकॉट आपल्या बाजारात आले व पाहता पाहता खेड्यापर्यंत पोहोचले. त्यास लोक भुलले असे म्हणणे अन्यायाचे होईल. इस्त्री नको, लवकर वाळते, वर्षानुवर्षे फाटत नाही आणि स्वस्तही पडते. गरिबाच्या हिशेबात हे चारही गुण मोठे आहेत. परंतु शरीराच्या हिशेबात एक आकडा निर्णायक आहे. नेहमीच्या दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा सुती धागा सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी आपल्यात धारण करतो, तर तेवढाच पॉलिएस्टरचा धागा अर्धा ग्रॅमही धारण करत नाही. लोकर त्याहून अधिक, सुमारे सोळा ग्रॅम, धारण करते. घोंगडी दवात ओली होऊनही अंगाला गार लागत नाही याचे हे एक कारण. टेरिकॉटमध्ये बहुधा सदुसष्ट भाग पॉलिएस्टर व तेहतीस भाग सूत असते, म्हणून तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. घाम वस्त्राने शोषला नाही की तो त्वचेवर साचतो. साचलेला क्लेद, त्यावर उष्मा आणि घर्षण, ही सामग्री एकत्र आली की पुढील संप्राप्ती वैद्यांना सांगावयास नको.

आमच्या गावाच्या चारी बाजूंना कापूस पिकतो. वेचणीच्या दिवसांत घराच्या ओट्यावर, खोलीत, माळ्यावर, जेथे पाहावे तेथे कापूस. तो जिनिंगला जातो, आणि ज्याने तो पिकवला त्याचा मुलगा दसऱ्याला बीडच्या बाजारातून पॉलिएस्टरचा काळा टी-शर्ट व ताणाची घट्ट जीन्स घेऊन येतो. हा विरोधाभास अर्थशास्त्राचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. मात्र ज्या घरात सूत पिकते त्या घरात सुती वस्त्र चैनीचे ठरावे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

रंगाविषयी एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, या प्रश्नावर १९८० साली ‘नेचर’ या प्रख्यात नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. काळे वस्त्र पांढऱ्याहून अधिक तापते हे त्यात दिसलेच, परंतु झगा सैल असल्याने ती वाढीव उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते आणि शरीराला मिळणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच राहते, असा निष्कर्ष निघाला. यातून शिकावयाचे ते असे की सैलपणा हा रंगाहून महत्त्वाचा आहे. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट मात्र दोन्ही बाजूंनी तोट्याचा. म्हणून तरुण रुग्णास आम्ही काळा रंग सोड असे सहसा सांगत नाही. तो ऐकणार नाही हे आम्हांस ठाऊक असते. एक माप मोठे घे आणि सुती घे, एवढे सांगतो. त्यास तो बहुधा कबूल होतो, विशेषतः सैल कपड्यांची फॅशन अलीकडे पुन्हा आली आहे असे त्याच्याच मित्राने त्याला सांगितलेले असेल तर.

सणासुदीच्या वेषाचे काय, असा प्रश्न येतो. दिवाळीत व त्यापुढील लग्नसराईत चकचकीत कृत्रिम रेशमाच्या शेरवान्या व जाकिटे यांची हौस हल्ली गावोगाव आहे. हौसेला आमचा विरोध नाही. निर्मळ वस्त्र यश देणारे, आयुष्य वाढविणारे, मन प्रसन्न करणारे आणि सभेत शोभणारे असते, असे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. शेरवानी आमच्या मुलखाला परकी नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हटल्या जाणाऱ्या औरंगाबादचे हिमरू हे सूत व रेशीम यांच्या मिश्र विणीचे कापड सर्वत्र नावाजलेले होते. त्याच्याच जातकुळीतील मशरू या कापडात रेशीम वरच्या अंगास आणि सूत त्वचेच्या अंगास राहील अशी वीण असते. नावाचा अर्थ धर्मसंमत असा, कारण पुरुषाच्या त्वचेस रेशमाचा स्पर्श होऊ नये ही त्यामागील धर्मभावना. कारण काहीही असो, त्वचेस सूत व दृष्टीस रेशीम ही युक्ती आम्हांला पूर्णपणे वैद्यकसंमत वाटते. वरून शेरवानी कसलीही घालावी, आत सैल सुती सदरा असावा, आणि वरात संपताच शेरवानी उतरवावी.

नवे कपडे न धुता घालण्याच्या प्रथेबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. कोऱ्या कपड्यातील खळ, कच्चा रंग व कारखान्यातील प्रक्रियेची रसायने घामात विरघळून त्वचेस लागतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात काखेत व मानेभोवती लाल चट्टे घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळेच वाढते. कपडा एकदा धुऊन, वाळवून मग त्यास कुंकू लावले तरी सणाचे काही उणे होत नाही. जीन्सच्या धातूच्या बटणाखाली, बेंबीच्या खालच्या अंगास उठणारा खाजरा चट्टा हा पुष्कळदा निकेल धातूच्या असात्म्यतेचा असतो. त्यास दद्रू समजून चिकित्सा करीत राहिल्यास यश येत नाही. बटणाच्या आतून सुती कापडाचा तुकडा शिवून घेणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

दद्रू : लाज आणि मलम

आता मूळ दुखण्याकडे वळू. गेल्या दशकात दद्रूचे रूप पालटले आहे, याविषयी वैद्यबंधूंत दुमत नसावे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येणारा हा विकार आता महिनोन्महिने रेंगाळतो, मांडीवरून कमरेवर, पाठीवर, चेहऱ्यावर पसरतो, आणि घरातील एकास झाला की सर्वांस होतो. आधुनिक संशोधकांनी या साथीमागील बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असे नाव दिले. तीत टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास न जुमानणारे प्रकार पुष्कळ आढळतात. दुसरे कारण औषधांच्या दुकानात आहे. तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे एकत्र मलम चिठ्ठीवाचून मिळते. लावताच खाज थांबते, चट्टा विझल्यासारखा दिसतो, आणि आतून फोफावत राहतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची त्वचेवर लावावयाची औषधे परिशिष्ट ‘एच’मध्ये घालून चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली, तरी रुग्णाच्या खिशातून अर्धी पिळलेली नळी निघावयाची थांबलेली नाही.

तरुण पुरुष हा विकार का लपवितो, हे समजून घेतले पाहिजे. जागा लाजेची, त्यात लग्न ठरलेले किंवा ठरावयाचे. अशा अवस्थेत सहा-आठ महिने मलम लावून झाल्यावर मांडीच्या आतील त्वचा पातळ होऊन तिच्यावर फाटल्यासारख्या रेषा उमटलेल्या असतात, आणि त्या रेषा पुढे पूर्णपणे जात नाहीत. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना, दार लोटून घेऊन, ‘डॉक्टर, घरी सांगू नका,’ असे म्हणणारे रुग्ण आम्हां सर्वांच्याच परिचयाचे आहेत. त्यांच्यासाठी वेषाचा उपदेश हा चिकित्सेचा अर्धा भाग आहे. उरलेला भाग, म्हणजे शोधन, रक्तप्रसादन व बाह्य लेप, येथे विस्तारत नाही. चट्टे पसरत असतील, नव्या औषधालाही दाद मिळत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये, एवढे मात्र नमूद करतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात कुष्ठादी रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. अंगस्पर्श, सहभोजन, एकत्र निजणे-बसणे यांच्याबरोबर तेथे वस्त्र, माला व अनुलेपन यांचीही गणना आहे. दद्रूची गणना सुश्रुतांनी महाकुष्ठांत केली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या वचनाचे महत्त्व वाढते. घरातील एकच टॉवेल, भावाभावांत फिरणारी एकच जीन्स, वसतिगृहातील दोरीवर एकात एक अडकलेले अंतर्वस्त्रांचे ढीग, आणि मित्राकडून मागून घेतलेली मलमाची नळी, या सर्वांचा समावेश त्या तीन शब्दांत होतो.

अंतर्वस्त्राबाबत आमचा सल्ला पुढीलप्रमाणे असतो. सुती, सैल, जांघेत न रुतणारी चड्डी असावी. दिवसातून दोनदा बदलावी. शक्य तर उलटी करून गरम पाण्यात भिजवावी, कडक उन्हात वाळवावी, आणि शिवणीवर इस्त्री फिरवावी. येथे एक अडचण सामाजिक आहे. आमच्याकडे अंतर्वस्त्रे उघड्यावर वाळत घालण्याचा संकोच असतो. ती न्हाणीघरात किंवा टॉवेलखाली झाकून वाळत घालतात, म्हणजे ती नीट वाळतच नाहीत. वर्षाऋतूभर ओलसर राहिलेल्या कपड्यांना, अंथरूण-पांघरुणांना आणि हेल्मेटच्या आतल्या अस्तरालाही शरदाचे पहिले चार दिवस ऊन दाखवावे. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीनंतर मराठवाड्यात कित्येक घरांतील पेट्यांतल्या घड्यांना बुरा आला होता, हे स्मरणात असेलच. शरदाचे ऊन माणसाला वर्ज्य आहे, कपड्यांना नव्हे. विहिरींना पाणी असते तेही याच दिवसांत. माघ-फाल्गुनात कपडे रोज धुवा असे सांगणे आमच्या भागात धाडसाचे ठरते.

जांघेतील दद्रू असेल त्याने बरे वाटेपर्यंत जीन्स वापरू नये, सुती पायजमा किंवा लुंगी वापरावी. महाविद्यालयात लुंगी चालत नाही, हे खरे. तेथे सैल सुती पँट घालावी व घरी येताच उतरवावी.

पहाट व रात्र यांसाठी नियम थोडक्यात सांगता येईल. सूर्योदयापूर्वी बाहेर पडताना कान, मस्तक व छाती झाकावी, आणि ऊन चढू लागले की एकेक थर उतरवावा. दुचाकीस्वाराने हेल्मेटखाली सुती रुमाल बांधावा आणि तो रोज बदलावा. कोजागरीस चांदण्यात अवश्य बसावे. आचार्यांनी सांगितलेला काळ प्रदोषाचा आहे, मध्यरात्रीनंतर पडणाऱ्या दवाचा नाही. जागरण करावयाचेच असेल तर अंगावर उपरणे व डोक्यास टोपी असावी, म्हणजे चांदणे आणि दव या दोन वचनांचा मेळ बसतो. वर्षेचा वेष एका दिवसात टाकून नवा धरू नये. ऋतुसंधीचे जे चौदा दिवस शास्त्राने सांगितले आहेत ते आहाराइतकेच वस्त्रालाही लागू आहेत, असे आमचे मत आहे.

ऊसतोडीस जाणाऱ्यांविषयी

शेवटचा विषय आमच्या जिल्ह्याचा खास, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढावयाचे असतात. पहाटे दव पडलेल्या उसात शिरायचे, दुपारी उन्हात मोळ्या वाहायच्या. उसाच्या पात्याची धार आणि त्यावरील बारीक कूस यांपासून रक्षण म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालतात. बाई लुगड्यावर नवऱ्याचाच जुना शर्ट चढविते. पुरुषाच्या अंगावरील दद्रू बाईच्या काखेत व कमरेस कसा पोहोचतो याचे उत्तर पुष्कळदा त्या शर्टात असते. म्हणून निघण्यापूर्वी येणाऱ्या रुग्णास आम्ही तिचा शर्ट वेगळा ठेवण्यास आवर्जून सांगतो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाच्या वस्त्रांविषयी जे सांगितले ते येथे फार उपयोगी पडते. घामाने, मळाने दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम धुऊन, धुपवून, स्वच्छ व कोरडी करून वापरावीत, असा तेथील आशय आहे. धुपासाठी यव, सर्षप, हिंग, गुग्गुळ, वेखंड आदी द्रव्ये दिली आहेत. दुसरे वस्त्र नसण्याची शक्यता आचार्यांनी गृहीत धरली, हे आम्हांस विशेष वाटते. दोन जोडांवर हंगाम काढणाऱ्यास चार जोड घे असे सांगणे सोपे आहे, पण त्याचा त्याला उपयोग नाही. त्याला सांगावयाचे ते असे : कारखान्यावर पाणी तापविण्यास उसाचे पाचट भरपूर असते. आठवड्यातून एकदा पातेलेभर पाणी उकळून त्यात अंतर्वस्त्रे व टॉवेल अर्धा तास बुडवून ठेवावेत, पिळून कोपीच्या छपरावर उन्हात पसरावेत. कामावरून आल्यावर घामाचा सदरा अंगावरच वाळू देऊ नये. डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलने अंग पुसू नये. आणि निघताना गाठोड्यात मांजरपाटाचे चार हात कापड अधिक बांधावे. ते पहाटे कानांना व दुपारी डोक्याला चालते.

टॉवेल घरटी एक नको, माणशी एक हवा. मांजरपाटाचेच तुकडे घेऊन घरी वेगवेगळ्या रंगांत बुडवले तर खर्च फार येत नाही. गेल्या काही हंगामांत आम्ही निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबास बापाचा पांढरा, आईचा पिवळा आणि मुलांचे गेरूचे, असे रंग ठरवून देत आलो आहोत. अंधाऱ्या कोपीत, चिमणीच्या उजेडात, कोणाचा कोणता हे ओळखू यावे म्हणून.